कुशल कामगार मिळत नाहीत म्हणणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांचे मालक, प्लांट हेड, परचेसवाले आणि एचआरवाले साहेब-मॅडम,

विषय : भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स (कोणाला कुठलं काम येतं त्याचा तक्ता) खरा करणे आणि पगार त्याला जोडणेबाबत.

सप्रेम नमस्कार,

दर दोन-चार महिन्यांनी पुण्यातल्या कुठल्यातरी मोठ्या हॉटेलात तुमची परिषद भरते, पहिल्या रांगेत मंत्री बसतात, मागच्या रांगेत तुम्हाला पार्ट पुरवणाऱ्या आमच्यासारख्या व्हेंडर कंपन्यांचे मालक बसतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते की उद्योगांना कुशल मनुष्यबळ मिळेना. ही बातमी मी नोकरीला लागल्यापासून वाचतोय. मंत्री बदलले, कंपन्यांचे लोगो बदलले, बातमी आहे तीच आहे. म्हणून म्हटलं एकदा मशीनच्या बाजूने पण कोणीतरी बोलावं.

मी आयटीआय मशिनिस्ट, मग एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिस, मग भोसरीत सेटर (मशीन जॉबसाठी लावून देणारा) आणि आता तिथेच शिफ्ट सुपरवायझर. नाव टाकत नाही कारण आमची कंपनी तुमच्यापैकीच कोणाचीतरी व्हेंडर आहे आणि मुलीच्या कॉलेजची फी अजून दोन वर्षं भरायचीय.

माझं म्हणणं सरळ आहे. कुशल माणूस झाडाला लागत नाही, तो मशीनवर तयार होतो आणि त्याला तीन-चार वर्षं लागतात, आणि तुम्ही त्याला अकराव्या महिन्याला ब्रेक देता, म्हणजे घरी पाठवता. मग नवीन पोरगं, मग परत अकरा महिने. असं वीस वर्षं केल्यावर बाजारात कुशल माणूस कुठून शिल्लक राहील?

एक गोष्ट जरा जवळून दाखवतो. आमच्याकडे टर्निंग सेंटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, एक जॉब चालतो, बोअर (आतलं भोक) ४२ एच ७. म्हणजे ४२ मिलिमीटरच्या वर २५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतं, खाली एक मायक्रॉन पण नाही. इन्सर्ट (कापणारं टोक) झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो, शिफ्टच्या सुरुवातीला भोक मोजायचं बोअर गेज प्लस १५ दाखवतं, काही पीसनंतर प्लस १०, मग ६, मग ४. ज्याला कळतं तो तिथेच थांबतो, वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनमधल्या झीज भरून काढायच्या आकड्यात, दहा मायक्रॉन टाकतो आणि पुढचा पीस लावतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण ट्रेनी पोराने ऑफसेट पेजला हात लावायचा नाही असा नियम आहे, चावी सेटरच्या खिशात, का तर मागे एकाने पॉइंट शून्य एकच्या जागी पॉइंट एक टाकलं आणि अख्खा ट्रे रिजेक्ट गेला. मग पोरगं काय करतं, तर बोअर लहान होताना बघत बसतं, भोकात जायलाच हवं ते गो गेज जाईना झालं की सेटरला हाक मारतं, सेटर तिकडे दुसऱ्या मशीनवर जॉ (जॉब धरणारे जबडे) बोअर करत असतो, तो हातातलं सोडून येणार, तोपर्यंत मशीन वीस मिनिटं उभी. असं शिफ्टमध्ये दोन-तीनदा, असं सहा मशीनवर, असं तीन शिफ्ट. मशीन अवर रेट (मशीनच्या तासाचा दर) काढून आमच्याकडून प्रत्येक पीसमागे पैसे कापायला तुम्हाला बरोबर जमतं, मग हा पण हिशोब एकदा करून बघा.

आणि ते पोरगं काही ढ नसतं हो. परभणीचं, लातूरचं, बुलढाण्याचं, आयटीआय केलेलं नाहीतर बीएस्सी अर्धवट सोडलेलं, मोबाईलमधली सगळी सेटिंग त्याला येतात. त्याला फक्त कोणी सांगितलेलं नसतं की प्लस म्हणजे काय आणि मायनस म्हणजे काय. अशाच एका पोराला मी चहाच्या सुट्टीत शिकवत गेलो, आठवड्याभरात तो ऑफसेट द्यायला लागला, महिन्याभरात म्हणाला सर, इन्सर्ट अमुक पीसला बदलला तर शेवटचे पीस काठावर जातच नाहीत. त्याने तसं वहीत लिहून ठेवलं होतं, तारीख टाकून. अकरा महिने झाले, ब्रेक. आता तो रांजणगावला पॅकिंगला आहे, पैसे थोडे जास्त मिळतात आणि जेवण कंपनीचं. त्याची चूक काय? त्याच्या हातातली अक्कल आमच्या कंपनीच्या कुठल्याच कागदावर नव्हती, त्यामुळे त्याच्या पगारातही नव्हती.

कागदावरून आठवलं, स्किल मॅट्रिक्स. प्रत्येक कंपनीत लाइनच्या शेवटी तो बोर्ड असतो, पोरांचे फोटो, पुढे मशीनची नावं आणि चार भाग केलेले गोल. एक भाग काळा म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, पूर्ण गोल म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कल्पना एकदम झकास आहे, माझा तिला काहीच विरोध नाही. पण तो बोर्ड कधी भरला जातो हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही माहितीये. ऑडिटच्या आदल्या रात्री. क्वालिटीवाला मार्कर घेऊन येतो, तीन आठवड्यांपूर्वी लागलेल्या पोराचे तीन भाग काळे करतो, सोडून गेलेल्यांचे फोटो काढायचे राहून जातात, दुसऱ्या दिवशी तुमचा ऑडिटर येतो, बोर्डाचा फोटो काढतो, फायर एक्स्टिंग्विशरची तारीख बघतो, जेवतो, जातो. आम्ही पास! त्या गोलांचा पगाराशी एका रुपयाचाही संबंध नसतो, एक भागवाला आणि चार भागवाला, दोघांच्या हातात पेमेंट सारखंच, कारण दोघंही कॉन्ट्रॅक्टरच्या एकाच रेटने आलेले असतात.

आता कायद्याचं बोलू, कारण एचआर साहेब लगेच म्हणतील आम्ही सगळं नियमात करतो. करता, मान्य. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. त्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अप्रेंटिस हा ट्रेनी आहे, कामगार नाही, म्हणून बहुतेक कामगार कायदे त्याला लागू नाहीत. ही सवलत कशासाठी दिलीय तर तुम्ही त्याला शिकवणार म्हणून. शिकवायचं नसेल आणि त्याने पहिल्या दिवसापासून लाइनवर तेवढेच पीस काढायचे असतील जेवढे शेजारचा परमनंट काढतो, तर मग तो ट्रेनी कसला? आणि त्याच कायद्यात २०१४ साली एक दुरुस्ती झाली, कलम २२, की प्रत्येक कंपनीने आपल्याकडे अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना नोकरीत घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवावं. घ्याच असं कायदा म्हणत नाही, ठरवा एवढंच म्हणतो. तुमच्या कंपनीचं ते धोरण काय आहे? गेटवर, नोटीस बोर्डावर, वेबसाइटवर, कुठे लावलंय? मी विचारलं त्यातल्या एकाही पोराला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. प्रामाणिकपणे 'शंभरातले पाच घेणार' असं लिहून लावा, पोरं त्याप्रमाणे ठरवतील ना.

स्टायपेंडचं बघा. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्या अप्रेंटिसला महिन्याला कमीत कमी ७,००० रुपये ठरले, डिप्लोमाला ८,०००, डिग्रीला ९,०००. त्यात सरकार परत नॅप्स या अप्रेंटिस योजनेतून २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये भरतं. २०२५ मध्ये केंद्राच्या अप्रेंटिसशिप कौन्सिलने किमान स्टायपेंड, शाळा शिकलेल्यांपासून डिग्रीवाल्यांपर्यंतचा, ५,००० ते ९,००० वरून ६,८०० ते १२,३०० करा अशी शिफारस केली. म्हणजे सहा वर्षांनी सरकारलाही वाटलं की हे कमी पडतंय. किमान म्हणजे त्याच्या खाली जायचं नाही, वर जायला कोणी अडवलेलं नाही, आणि काही कंपन्या देतातही, त्यांना माझा सलाम. पण बऱ्याच ठिकाणी किमान हाच रेट झालाय. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीत कॉट बेसिसवर एका खोलीत सहा जण राहतात, कॉटचं भाडं, मेस, मोबाईल रिचार्ज, गावी पाठवायचे दोन-तीन हजार, एवढं झालं की महिन्याच्या वीस तारखेनंतर ते पोरगं उधारीवर वडापाव खातं. आणि हो, आयटीआयमध्ये शिकत असताना सरकार त्याला विद्यावेतन किती द्यायचं माहितीये? १९८३ पासून महिन्याला ४० रुपये! २०२३ मध्ये ते ५०० केलं. त्यामुळे सरकारला मी इथे सोडत नाहीये, पण हे पत्र तुम्हाला आहे.

मधल्या काळात नीम ही कंपनीत ट्रेनी ठेवायची सरकारी योजना आली, तिच्यावर एवढी ओरड झाली की ती बंद करावी लागली, मग पोरं वेगळ्या योजनेच्या आयकार्डवर आली, लर्न अँड अर्न म्हणा, २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण म्हणा, गळ्यातल्या पट्ट्याचा रंग बदलला, काम तेच, लोड-अनलोड. पोरींचं तर अजूनच. वायरिंग हार्नेस आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर आता निम्म्याहून जास्त मुली दिसतात, हात चांगला म्हणून घेतात, पण सेटिंग, मेंटेनन्स, टूल रूममध्ये किती जणी बघितल्यात? मी एकही नाही.

तुम्ही म्हणाल धंदा परवडला पाहिजे. बरोबर. मग आर्थिक पाहणी अहवालाचंच ऐका, ते काही युनियनचं पत्रक नाही. २०२४-२५ च्या अहवालात लिहिलंय की २०२३-२४ या वर्षात मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्के वाढला आणि नोकऱ्या वाढल्या १.५ टक्के. नफ्याचं प्रमाण १५ वर्षांतलं सगळ्यात जास्त. त्याच्या आदल्या वर्षीच्या अहवालात लिहिलंय की १५ ते २९ वयाच्या तरुणांपैकी रीतसर प्रशिक्षण मिळालेले ४.४ टक्के. आणि कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत कंत्राटी कामगारांचा वाटा आता चाळीस टक्क्यांच्या वर गेलाय. हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. नफा वाढतोय, माणूस कंत्राटावर, शिकलेला शंभरात चार-पाच, आणि मग परिषदेत भाषण की मनुष्यबळ मिळत नाही. अहो मिळेल कसं?

हे पुण्यात नेहमीच असं होतं असंही नाही म्हणून जास्त वाईट वाटतं. साठच्या दशकात टेल्को (आताची टाटा मोटर्स) पिंपरीत आली तेव्हा तिचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी ट्रेनिंग स्कूल आणि टूल रूमवर किती जोर दिला होता हे जुने लोक अजून सांगतात. एमआयडीसी १९६२ ची, त्याच सुमाराला भारत फोर्ज, बजाज, कमिन्स आली, आणि या कंपन्यांतून शिकलेली पोरंच पुढे एक लेथ, एक मिलिंग घेऊन भोसरीत शेड टाकून बसली. आज तुमचे जे व्हेंडर आहेत ना, त्यातल्या कितीतरी जणांचे वडील कुठल्यातरी मोठ्या कंपनीचे अप्रेंटिस होते. आमचे मालक पण त्यातलेच. आणि तो परमनंट कामगार नुसता पीस नव्हता काढत. त्याने प्राधिकरणात प्लॉट घेतला, यमुनानगरला घर केलं, पोरांना इंजिनिअर केलं, ती पोरं आता हिंजवडीला जातात. पिंपरी-चिंचवड श्रीमंत झालं ते असं, एका पिढीच्या हातात कौशल्य होतं आणि त्या कौशल्याला पगार होता म्हणून. आत्ताचं ट्रेनी पोरगं चाकणमध्ये दहा वर्षं काढूनसुद्धा वन आरकेचं डाउन पेमेंट करू शकत नाही, लग्न जमत नाही ते वेगळंच, मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात परमनंट आहे का.

गेटवर तर रोज बघायला मिळतं. ऐतिहासिक वेतनवाढ करार म्हणून फ्लेक्स लागतो, परमनंट कामगारांना तीन वर्षांचे एवढे हजार, गुलाल, हार, फोटो. परमनंटवाल्यांचा मला राग नाही, त्यांनी भांडून मिळवलंय. पण त्याच फ्लेक्सखालून सेकंड शिफ्टची ट्रेनी पोरं आत जातात, संख्येने जास्त, आणि त्या करारात त्यांच्यासाठी एक ओळ नसते. युनियनच्या नेत्यांनो, हे तुम्हालाही आहे बरं का.

आता तुमची बाजू, कारण ती नाहीच असं नाही. ऑर्डर वर-खाली होते, सगळ्यांना परमनंट करून मंदीत काय करायचं हा प्रश्न खरा आहे. शिकवलं की पोरगं दीड हजार जास्त मिळाले म्हणून शेजारच्या कंपनीत जातं हेही खरं, मग शिकवायचा खर्च मी का करू असं प्रत्येक जण म्हणतो आणि शेवटी कोणीच करत नाही. आणि चाकणमध्ये लेबरचं कंत्राट कोणाला द्यायचं हे नेहमी कंपनीच ठरवते असं नाही, कोणाचा फोन येतो, कोणाचा माणूस गेटवर येऊन उभा राहतो, ते इथे लिहायची गरज नाही. छोट्या व्हेंडरचं तर विचारूच नका. दरवर्षी तुमचा परचेसवाला कॉस्ट डाउन (पार्टच्या दरात कपात) मागतो, एक टक्का, दोन टक्के, स्टील महागलं तरी मागतो, मग आमचा मालक ते कुठून काढणार? वीज बिलातून निघत नाही. पोराच्या पेमेंटमधून निघतं.

म्हणूनच हे पत्र आमच्या मालकाला न लिहिता तुम्हाला लिहितोय. साखळीचं वरचं टोक तुमच्या हातात आहे. जर्मनीत मेकॅट्रॉनिक्सची अप्रेंटिसशिप साडेतीन वर्षांची असते, आठवड्यातले काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत, आणि परीक्षा कंपनी घेत नाही, तिथलं उद्योगांचं चेंबर घेतं, त्यामुळे सर्टिफिकेट कुठल्याही कंपनीत चालतं आणि सगळ्याच कंपन्या शिकवतात म्हणून पळवापळवीची कोणाला एवढी भीती नाही. हे इथे जमणार नाही म्हणू नका, फोक्सवॅगनने चाकणमध्ये त्याच धर्तीवर पोरं तयार केली, मर्सिडीजने शासकीय तंत्रनिकेतनबरोबर कोर्स चालवला. पण ते थोड्या पोरांसाठी. भोसरीतल्या वीस माणसांच्या शेडमधल्या पोराचं काय? आपल्याकडे मराठा चेंबर १९३४ पासून आहे, औंधला आणि मोरवाडीला आयटीआय आहे, मशीन आहेत, शिकवणारे आहेत. सेटिंगची एक सामाईक परीक्षा घ्यायला, मशीनवर उभं करून, लेखी नको, एवढं काय अवघड आहे? ड्रॉइंग द्या, जॉब द्या, पहिला पीस ओके काढून दाखव म्हणा. पास झाला तर कार्ड द्या आणि ते कार्ड पट्ट्यातली प्रत्येक कंपनी मानेल असं ठरवा.

आणि पगाराचं. मॅट्रिक्समधला प्रत्येक काळा भाग म्हणजे ठराविक वाढ, कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात वेगळी ओळ करून, पोराच्या बँक खात्यात. आकडा तुम्ही ठरवा, मी पाचशे म्हणेन, तुम्ही तीनशे म्हणा, पण काहीतरी म्हणा. कंपनी सोडताना त्याला तो मॅट्रिक्स सहीशिक्क्यानिशी हातात द्या म्हणजे पुढच्या गेटवर तो परत शून्यापासून सुरू होणार नाही. ब्रेक द्यायचाच असेल तर तीन भाग काळे झालेल्याला देऊ नका, ऑर्डर आली की पहिला फोन त्याला करा. कॉस्ट डाउन मागताना ज्या व्हेंडरने हे केलंय त्याच्याकडे त्या वर्षी मागू नका, मशीन कमी थांबली की ते पैसे तुम्हाला क्वालिटीत परत मिळतील, रिजेक्शनचा डेटा तुमच्याकडे आहेच. ऑडिटरला बोर्डाचा फोटो काढायचा तर काढू दे, पण त्यानंतर त्याने बोर्डावरच्या कुठल्याही एका पोराला बोलवावं, बोअर गेज हातात द्यावं आणि शून्य सेट करून दाखव म्हणावं. पहिल्या वर्षी आमच्यासकट निम्मे व्हेंडर नापास होतील. होऊ द्या.

ऑफसेटची चावी खिशात ठेवण्यावर पण उपाय आहे. बऱ्याच कंट्रोलरवर वेअर ऑफसेट एका वेळी किती बदलता येईल याची मर्यादा टाकता येते, म्हणजे पोराने चुकून पॉइंट एक दाबलं तर मशीन घेणारच नाही. मेंटेनन्सवाल्याला सांगा, एका दुपारचं काम आहे.

आयटीआयचा निकाल लागला की नवी बॅच गेटवर येईल, सुरुवात तिथून केली तरी चालेल. ज्या व्हेंडरला करायचंय पण शिकवायला माणूस नाही त्यांच्यासाठी माझ्या ओळखीचे चार-पाच सेटर तयार आहेत, मी धरून, गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते तेव्हा येऊ, दोन तास, पैसे नकोत, चहा-नाश्ता तुमचा. मशीन मात्र चालू ठेवा आणि चावी काढून द्या.

कळावे,
एक शिफ्ट सुपरवायझर,
भोसरी